बडीशेपेचा काढा आणि शेतावरील स्त्रीचे दुखणे

आमच्या संघाच्या गेल्या बैठकीत एक सूचना पुढे आली. तिचा या पानांत विचार केल्यावाचून आम्हांस राहवत नाही. गेल्या रब्बी हंगामात काही सभासदांनी विहिरीच्या पाण्यावर थोडीथोडी बडीशेप केली होती. पीक बरे उतरले. परंतु बाजारात नेल्यावर दाणा पिवळट आहे असे निमित्त काढून व्यापाऱ्याने भाव पाडला. तेव्हा एका उत्साही सभासदाने असे सुचविले की, यापुढे हा माल आडतीवर न नेता संघानेच त्याच्या लहान लहान पुड्या बांधाव्या, त्यांवर 'स्त्रियांच्या मासिक वेदनेवर रामबाण उपाय' असे ठळक अक्षरांनी छापावे आणि आठवड्याच्या बाजारांत व यात्रांत त्या विकाव्या. सूचनेस टाळ्या मिळाल्या, आणि निर्णय पुढील बैठकीवर ठेवण्यात आला. ती बैठक भरण्यापूर्वी आमचे मत सभासदांपुढे स्पष्ट शब्दांत ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शेतकीच्या मासिकात हा विषय कशास, असे काही वाचकांस वाटेल. त्यांस आमचे उत्तर असे की, खुरपणी, भाताची लावणी, कापसाची वेचणी, भुईमुगाची तोडणी ही कामे कोणाच्या हातांनी होतात हे प्रत्येकाने आपल्या बांधावर उभे राहून पाहावे. बैल लंगडू लागला तर आपण त्याच दिवशी त्याचा खूर उचलून पाहतो. लाळ-खुरकतीवर आजवर या मासिकाने किती पाने भरली त्याची गणती नाही. परंतु ज्या बाईच्या श्रमावर निम्मे शेत उभे आहे, ती महिन्यातून दोन-तीन दिवस ओटीपोट धरून वाफ्यात वाकते, याविषयी आपल्या सभांत कधी शब्द निघत नाही. निघाला तो असा, पुडी विकण्याच्या निमित्ताने! तो तरी निघाला हे बरेच झाले. विषय निघालाच आहे, तर तो नीट समजून घ्यावा हे उचित.

प्रथम हे दुखणे काय आहे ते पाहू. दर महिन्यास गर्भाशयाचे आतील अस्तर गळून पडते. त्या वेळी त्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात, व ती गर्भाशयाच्या स्नायूंस आकुंचन पावावयास लावतात. ही द्रव्ये प्रमाणाबाहेर झाली म्हणजे स्नायू पिळवटल्यासारखे आवळतात, त्यांस मिळणारे रक्त तेवढ्यापुरते कमी पडते, आणि ओटीपोटात कळा उठतात. कमर व मांड्या भरून येतात. कित्येकींस मळमळ, उलटी, जुलाब व डोकेदुखी यांचाही उपद्रव होतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत हा जोर ओसरतो. या प्रकारच्या वेदनेमागे दुसरा रोग नसतो. तथापि रोग नाही म्हणून वेदना खोटी, असे मात्र नव्हे. 'नखरे करते', 'कामाचा कंटाळा आहे' हे शब्द ज्या घरांत ऐकू येतात, त्या घरांतील मंडळींनी हे नीट ध्यानात घ्यावे. दुसरा प्रकार याहून निराळा आहे. गर्भाशयात गाठी होणे, त्याच्या अस्तरासारखे अस्तर बाहेर इतर ठिकाणी वाढणे, आतील भागात जंतूंचा संसर्ग होणे, अशा कारणांनीही पाळीच्या वेळी दुखते. तेथे काढा हा उपाय नव्हे. तेथे डॉक्टरच गाठला पाहिजे.

आता बडीशेपेकडे वळू. येथे पहिली अडचण नावाची आहे. आपल्याकडे 'शेप' या शब्दाखाली दोन झाडे येतात. एक शेपू, याच्या बियांस आपण बाळंतशेपा म्हणतो व बाळंतिणीच्या सुपारीत त्या घालतो. दुसरी बडीशेप, ही जेवणानंतर मुखशुद्धीस खातात. दोन्ही गाजर, जिरे, ओवा, कोथिंबीर यांच्याच कुळातील असून दोहोंचा फुलोरा छत्रीसारखा असतो. परंतु दोहोंच्या तेलांत फरक आहे. शेपूच्या बियांत कार्व्होन हे द्रव्य प्रमुख, तर बडीशेपेत अ‍ॅनेथोल. संस्कृत ग्रंथांत शतपुष्पा व मिश्रेया अशी दोन नावे येतात. शतपुष्पा म्हणजे शेपू व मिश्रेया म्हणजे बडीशेप असे सामान्यतः मानतात, पण बोलण्यात व बाजारात या नावांचा घोटाळा फार. काश्यपसंहितेत शतपुष्पा व शतावरी यांवर एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि स्त्रियांच्या ऋतुदोषांवर शतपुष्पेची त्यात प्रशंसा आहे. हा आधार दाखवून बडीशेपेची पुडी विकावी असे सूचना करणाऱ्यांच्या मनात असेल, तर त्यांनी आधी शेपू कोणती व बडीशेप कोणती याचा निवाडा करावा. ग्रंथ एका झाडाचा आणि पुडी दुसऱ्या झाडाची, असा प्रकार आपल्या संघाच्या नावावर होऊ नये.

मग बडीशेपेत गुण नाहीच काय? तसे आम्ही म्हणत नाही. दाण्यातील अ‍ॅनेथोलयुक्त तेलाने स्नायूंची आकडी सैल पडते असे प्रयोगशाळेत दिसले आहे. उंदरांच्या गर्भाशयाच्या स्नायूंवर केलेल्या प्रयोगांत या तेलाने आकुंचनाचा जोर कमी झाला. पोटातील वायूवर आपल्या आजीबाई बडीशेप देत आल्या, त्यामागील कारणही याच जातीचे आहे. स्त्रियांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले ते मुख्यत्वे इराण देशात. तेथे बडीशेपेस राझियाने म्हणतात व घरगुती औषधांत तिला मोठा मान आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात तीस तरुण स्त्रियांस बडीशेपेचा अर्क व मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही नेहमीची वेदनाशामक गोळी, असे दोन्ही उपाय आळीपाळीने देऊन पाहिले. दोहोंनी आराम पडला. परंतु दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी गोळीचा गुण अधिक दिसला, आणि अर्काचा वास न सोसल्यामुळे पाच जणींनी प्रयोग अर्ध्यावर सोडला. नंतरच्या काही प्रयोगांत अर्क व गोळी यांत विशेष अंतर आढळले नाही.

येथवर वाचून सूचना करणारे सभासद हर्षित होतील. परंतु पुढचेही वाचावे. हे प्रयोग लहान आहेत. पुष्कळांत, कोणास काय दिले हे घेणारीस व देणाऱ्यास कळू न देण्याची खबरदारी पुरती घेतलेली नाही. आणि बडीशेपेसारख्या उग्र वासाच्या वस्तूत ती घेणे कठीणही आहे. पाळीच्या वेदनेवर घेतल्या जाणाऱ्या वनस्पती व पूरक द्रव्ये यांवरील सर्व प्रयोग एकत्र करून कॉक्रेन या संस्थेने २०१६ साली त्यांची छाननी केली. तिचा निष्कर्ष असा की, यांपैकी एकाही वस्तूच्या गुणाविषयी उच्च दर्जाचा पुरावा नाही. काहींविषयी कमी दर्जाचा पुरावा आहे व अधिक संशोधन करणे योग्य होईल. युरोपातील औषध संस्थेनेही पाळीच्या वेळच्या किरकोळ कळांवर बडीशेपेचा चहा मान्य केला आहे तो दीर्घ परंपरेच्या आधारावर; प्रयोगाने सिद्ध झाला म्हणून नव्हे. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर, हे बियाणे एका-दोन शेतांत चांगले उगवले आहे, पण त्याची सर्वत्र चाचणी झालेली नाही. अशा बियाण्यावर 'हमखास उत्पन्न' असा शिक्का मारून कोणी ते आपल्या दारी विकावयास आणले, तर आपण त्यास काय म्हणू? जे आपण बियाणेवाल्यास म्हणू, तेच दुसऱ्यांनी आपणांस म्हणावे अशी पाळी आपण आणू नये.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९५४ साली आपल्या देशात औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात ज्या गोष्टींसाठी औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांत स्त्रियांच्या मासिक पाळीतील बिघाड दुरुस्त करणे ही स्पष्टपणे घातलेली आहे. खाण्याची बडीशेप म्हणून पुडी विकणे निराळे, त्यासाठी अन्नसुरक्षेचे नियम आहेत. परंतु त्याच पुडीवर रोगाचे नाव घातले की ती औषध ठरू लागते व तिला औषधाचे कायदे लागतात. संघाचे पदाधिकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत बसावेत, अशी कोणाचीच इच्छा नसावी. पण आम्हांस कायद्याच्या भीतीपेक्षा त्यामागील हेतू महत्त्वाचा वाटतो. दुखणाऱ्या व लाजणाऱ्या माणसास फसविणे सर्वांत सोपे असते. जी बाई आपले दुखणे घरात सांगू शकत नाही, ती यात्रेतील पुडीवर मुकाट्याने दहा-वीस रुपये खर्च करील. गुण न आला तर तक्रार घेऊन कोणाकडे जाणार नाही. आणि आत एखादी गाठ वाढत असेल तर पुडीच्या भरवशावर वर्ष दोन वर्षे घालवील. हे पाप थोडे नव्हे.

तिसरी गोष्ट हिशेबाची, आणि ती ऐकून तर सूचना करणाऱ्यांचा उत्साह बराच निवेल. युरोपीय संस्थेने सांगितलेले प्रमाण असे: ताजे भरडलेले दाणे दीड ते अडीच ग्रॅम, पाव लिटर उकळत्या पाण्यात, दिवसातून तीन वेळा. मध्यम प्रमाण दोन ग्रॅमचे धरले तर दिवसास सहा ग्रॅम, तीन दिवसांस अठरा ग्रॅम, आणि वर्षाच्या बारा पाळ्यांस २१६ ग्रॅम झाले. म्हणजे एका स्त्रीस वर्षभर पुरेल एवढी बडीशेप पाव किलोच्याही आत बसते! आता उत्पन्न पाहा. हेक्टरी पंधरा क्विंटल हे उतार बेताचे धरले तरी एका चौरस मीटरास दीडशे ग्रॅम पडतात. अर्थात एका स्त्रीच्या वर्षाच्या गरजेस दीड चौरस मीटर जागा पुरे, आणि तीन स्त्रियांच्या घरास परसातील एक लहानसा वाफा. जी वस्तू मोरीच्या सांडपाण्यावर नव्हे, तर हंडाभर चांगल्या पाण्यावर दारात पिकते, ती पुडीत बांधून त्याच शेतकरी भगिनींस विकण्यात कोणता व्यापार साधणार? बडीशेपेचा खरा व्यापार मसाल्याचा व मुखशुद्धीचा आहे. त्यात गुजरात व राजस्थान आपल्या पुढे आहेत, आणि उंझ्याच्या बाजारपेठेत त्यांच्या मालाची प्रतवारी कशी होते ते आपल्या लोकांनी जाऊन पाहावे. भाव पडला तो दाण्याच्या रंगामुळे. त्यास उपाय वाळवणीचा, जाहिरातीचा नव्हे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, बडीशेप विकण्यापेक्षा ती घरोघर लावण्याचा प्रचार संघाने करावा. ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर निचऱ्याच्या जमिनीत दोन ओळींत दीड-दोन फूट अंतर ठेवून बी टोकावे व पुढे विरळणी करावी. झाडास थंड व कोरडी हवा मानवते. फुलोऱ्याच्या वेळी ढगाळ हवा राहिली तर मावा पडतो. एकाच झाडावरील सर्व छत्र्या एकदम पक्व होत नाहीत, म्हणून त्या तीन-चार वेळा, जसजशा भरतील तसतशा, हाताने खुडाव्या. दाणा पुरता भरलेला पण अजून हिरवट असतानाच छत्री घ्यावी व सावलीत, वारा खेळेल अशा जागी पातळ पसरून वाळवावी. कडक उन्हात वाळविल्याने हिरवा रंग जातो व सुवासिक तेलही उडते. आमच्या सभासदांचा माल पिवळा पडला तो बहुधा खळ्यावर उन्हात टाकल्यामुळेच.

जी वस्तू औषध म्हणून पोटात जावयाची, तिच्या शुद्धतेविषयी शेतकऱ्यावर दुप्पट जबाबदारी येते. पेरणीसाठी आणलेल्या बियाण्यास बहुधा विषारी औषध चोळलेले असते; उरलेले बी स्वयंपाकघरात कदापि जाऊ देऊ नये. घरच्या वाफ्यावर मावा आला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने किंवा निंबोळी अर्काने भागवावे. मोठ्या शेतात कीटकनाशक वापरलेच तर वेष्टनावर सांगितलेले दिवस पुरे झाल्यावाचून छत्रीस हात लावू नये. बाजारातून घ्यावयाची असेल तर फार झगझगीत हिरवी बडीशेप संशयास्पद समजावी. चिमूटभर दाणे ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून पाहावे, रंग उतरला तर तो माल परत करावा. तेल काढून घेतलेले निःसत्त्व दाणेही चांगल्या मालात मिसळले जातात. दाणा दातांखाली चावून गोड, सुवासिक चव न आली तर तो काढ्यास निरुपयोगी होय.

काढा करण्याच्या आपल्या रीतीतही थोडी सुधारणा हवी. आपल्याकडे काढा म्हटला की भांडेभर पाणी आटवून एक वाटीवर आणतात. मुळ्या व साली यांस ते योग्य असेल. परंतु बडीशेपेचा गुण उडून जाणाऱ्या तेलात आहे, व आटविण्याच्या वाफेबरोबर तो घराबाहेर जातो. म्हणून दाणे त्याच वेळी खलबत्त्यात भरडावे, एक लहान चमचाभर घ्यावे, त्यांवर मोठा पेलाभर उकळते पाणी ओतावे, लगेच झाकण घालावे, आणि पंधरा मिनिटांनी गाळून कोमट असताना प्यावे. दुखू लागण्याची चाहूल लागताच आरंभ करावा. तीन दिवसांहून अधिक सहसा लागू नये. बाटलीत मिळणारे बडीशेपेचे शुद्ध तेल मात्र पोटात घेऊ नये. बडीशेपेत एस्ट्रागोल नावाचे एक द्रव्य थोडे असते, व प्रयोगशाळेत उंदरांस ते मोठ्या मात्रेने दिले असता कर्करोग झाल्याचे आढळले आहे. महिन्यातून दोन-तीन दिवस घेतलेल्या साध्या काढ्यास भिण्याचे कारण दिसत नाही. परंतु गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तो टाळावा, लहान मुलींस देऊ नये, आणि स्तनाच्या वा गर्भाशयाच्या कर्करोगावर उपचार चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नये. ओवा, गाजर अशा वस्तूंनी ज्यांच्या अंगावर पित्त उठते त्यांनीही जपावे. ओटीपोटावर गरम पाण्याच्या पिशवीचा शेक हा तर बिनखर्चाचा व चांगला उपाय आहे. तो काढ्याबरोबर अवश्य करावा. आणि एवढ्याने न भागले तर वेदनाशामक गोळी घेण्यात कमीपणा नाही. मात्र ती उपाशीपोटी घेऊ नये, व पोटात व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी विचारून घ्यावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे हेही येथेच सांगून ठेवतो. स्राव सात दिवसांहून अधिक चालला, तासातासास घडी बदलावी लागली, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त गेले, ताप आला, दुर्गंधीयुक्त स्राव होऊ लागला, पूर्वी कधी न दुखणारे पंचविशी-तिशीनंतर नव्याने दुखू लागले, किंवा महिन्यागणिक वेदना वाढतच चालली, तर काढ्याचे भांडे खाली ठेवून दवाखान्याची वाट धरावी. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले तर एक दिवसही दवडू नये. रक्ताच्या कमतरतेचीही तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ जणींच्या अंगात पुरेसे रक्त नव्हते असे आढळले आहे. अशा शरीरास बडीशेप काय पुरी पडणार?

आता जी गोष्ट आम्हांस सर्वांहून महत्त्वाची वाटते, ती सांगून लेख आटोपतो. पूर्वी आपल्या घरांत बाईस 'बाजूला बसवीत'. त्या चालीत अपमान होता, विटाळाची खोटी कल्पना होती, आणि ती गेली किंवा जात आहे याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु त्या वाईट चालीच्या पोटी कित्येक घरांत तीन दिवसांची विश्रांती नकळत मिळून जात असे. विटाळ गेला, त्याबरोबर विश्रांतीही गेली. मान मात्र त्या मानाने वाढला नाही. मजूर बाईस तर तेव्हाही विश्रांती नव्हती व आताही नाही. बिहार सरकारने आपल्या स्त्री नोकरांस १९९२ पासून महिन्यातून दोन दिवसांची विशेष रजा दिली. कचेरीतील बाईस जे मिळाले ते वाफ्यातील बाईस मिळू नये, असा कोणता शास्त्रार्थ आहे?

विश्रांती न मिळाल्याचा शेवट काय होतो, हे आपल्याच मुलखाने दाखविले आहे. बीड जिल्ह्यातून दर हंगामास ऊसतोडणीस जोडपी जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचा दंड. फडात आडोसा नाही, पुरेसे पाणी नाही, मोळी उचलणे सुटत नाही. २०१९ साली या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, तेव्हा शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढून टाकलेले आढळले. दर सहा स्त्रियांमागे एक! कोणी दुखण्यास कंटाळून, कोणी खाड्यास भिऊन, कोणी कर्करोगाचा धाक घातल्यामुळे शस्त्रक्रियेस तयार झाली. कित्येकींचे वय तिशीच्या आसपास होते. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले तर स्त्रीस अकाली वार्धक्य येते, हाडे ठिसूळ होतात, व ज्या कामासाठी हे सारे केले ते कामही पुढे होत नाही. हे वाचल्यावर पुडीचा प्रश्न किती लहान आहे हे सभासदांच्या ध्यानात येईल. एका टोकास 'काही होत नाही, वाक आणि काम कर' आणि दुसऱ्या टोकास 'काढूनच टाक' अशा दोन क्रूर मार्गांच्या मध्ये एक साधी वाट आहे: दुखते हे मान्य करणे, त्या दिवशी हलके काम देणे, ऊब व काढा देणे, आणि न थांबल्यास वेळेवर डॉक्टरांस दाखविणे. बडीशेप ही या वाटेवरील एक लहान वस्तू आहे. ती वाट नव्हे.

यावर असे म्हटले जाईल की, शेतकरी आधीच मजुरीने बेजार झाला आहे. त्यात बाईस बसून मजुरी द्यावयाची म्हणजे कंबरडेच मोडेल. ही अडचण आम्ही हसण्यावारी नेत नाही. आम्हीही मजुरी मोजणारेच आहोत. पण हिशेब करून पाहा. महिन्याच्या सव्वीस कामाच्या दिवसांत एक दिवस म्हणजे शेकडा चारहूनही कमी. वळणावर निसटणाऱ्या पाण्यात, उंदरांनी खाल्लेल्या धान्यात, आडतीच्या कसरीत आपण याहून अधिक घालवितो व त्याविषयी ब्रही काढीत नाही. शिवाय पूर्ण दिवस बसविण्याचीच गरज नसते. बियाणे निवडणे, शेंगा सोलणे, रोपांच्या पिशव्या भरणे अशी बसून, सावलीत करावयाची कामे प्रत्येक शेतावर असतात. ती त्या दिवसांसाठी राखून ठेवावी, एवढाच विचार पाहिजे. ज्या बाईस शेतमालकाने अशा दिवशी सांभाळून घेतले, ती ऐन सुगीत दुसऱ्याच्या बांधावर जात नाही, हा आमच्यापैकी पुष्कळांचा अनुभव आहे.

तेव्हा येत्या बैठकीपुढे आमच्या सूचना अशा: 'रामबाण' शब्दाची पुडी संघाने काढू नये. बडीशेप विकावयाची ती स्वच्छ, सावलीत वाळविलेली, बिनरंगाची बडीशेप म्हणून विकावी, आणि तिचा भाव तिच्या दाण्याने मिळवावा. रब्बीच्या आरंभी प्रत्येक सभासदाच्या घरी बिनऔषधी बियाण्याची एक चिमूट संघाने फुकट पोहोचवावी. खर्च नाममात्र आहे. काढ्याची रीत, कोणी तो घेऊ नये, व डॉक्टरांकडे केव्हा जावे, हे तिन्ही एका पानावर मोठ्या अक्षरांत छापून त्याबरोबर द्यावे, आणि आशाताईंकडून ते वाचून दाखविले जावे. संघाच्या गोदामात धान्य निवडण्यास ज्या स्त्रिया येतात, त्यांस महिन्यातून एक दिवस मजुरीसह विश्रांती द्यावी; इतरांस उपदेश करण्यापूर्वी आपल्या गोदामापासून आरंभ व्हावा हे उचित. आणि शेवटची सूचना ही की, हा प्रश्न बैठकीत निघेल त्या दिवशी सभासदांनी एकटे न येता घरातील स्त्रियांस बरोबर आणावे. ज्यांचे पोट दुखते त्यांस न विचारता त्यांच्या औषधाचा ठराव पुरुषांनी टाळ्यांच्या गजरात करावा, हा प्रकार एकदा झाला तेवढा पुरे.